कृष्णाबाईंनी गाळलेली चाळीस मिनिटं

बावीस वर्षं मी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि बावीस वर्षं कृष्णाबाईंनी त्यांना उप्पीट दिलं. लोकांना यातलं काय जास्त आवडायचं, ते मी सांगायला नको. कृष्णाबाई आमच्या धारवाडच्या केंद्रात स्वयंपाकाला. अळणावरकडच्या, शाळा दुसरीतच सुटलेली. माझं व्याख्यान सुरू झालं की भाजी निवडायला त्या हॉलच्या दारात येऊन बसत. मला वाटायचं, वाऱ्याला बसल्यात.

या जूनमध्ये वरून पत्र आलं. निधी नाही, प्रशिक्षण रद्द. शिक्षकांनी आता स्वप्नात शिकायचं का, असं मी फोनवर तिघाचौघांना सुनावलं आणि दोन दिवसांनी गणिताच्या मोजकाड्यांची माझी पेटी आणायला केंद्रावर गेलो. हॉलला कुलूप होतं, पण स्वयंपाकघरातून माझं व्याख्यान ऐकू येत होतं. शब्द माझे, मधलं खाकरणंही माझं. आवाज कृष्णाबाईंचा.

आत वेदश्री बसली होती, जुन्या हुबळीतल्या सरकारी मराठी शाळेतली नवी बाई. प्रशिक्षण रद्द झाल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. कुलूप बघून ती पायरीवर रडत बसली, तेव्हा भांडी आवरायला आलेल्या कृष्णाबाईंनी तिला आत नेऊन चहा दिला. तिच्या तिसरीच्या वर्गाला बेचाळीसातून सतरा वजा करा म्हटलं, की चाळीसातली अडतीस पोरं पस्तीस लिहायची. राधा नावाची एक मुलगी तर गणिताच्या धास्तीनं शाळेलाच येईनाशी झाली होती. तिला परत वर्गात कसं आणायचं, एवढंच वेदश्रीला शिकायचं होतं.

तिच्यासमोर गवारीच्या दहा-दहा शेंगांच्या चार जुड्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आणि दोन शेंगा सुट्या.

"आता यातल्या सतरा द्या की मला. आधी सात," कृष्णाबाई म्हणाल्या.

वेदश्रीनं सुट्या शेंगांकडं पाहिलं, मग जुड्यांकडं पाहिलं आणि एका जुडीचा दोरा सोडला. "अय्यो, जुडी सोडायची असती हे मी पोरांना दाखवलंच नाही की," म्हणून ती हसायलाच लागली.

मला राहवेना. "कृष्णाबाई, त्याआधी स्थानिक किमतीची पार्श्वभूमी मांडावी लागते. चाळीस मिनिटं आहे ती."

"हौद्री, होय सर. तिथं सगळे झोपायचे. म्हणून गाळलं."

"आणि माझा विनोद?"

"सांगितला की. बाई हसल्या नाहीत."

मी पालथ्या पातेल्यावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसलो. बावीस वर्षांत माझं व्याख्यान पुरतं ऐकणारं एक माणूस होतं, आणि त्याचा मी चहाच तेवढा प्यायलो होतो.

चौथ्या दिवशी वेदश्रीचा फोन आला. मागं पोरांचा नुसता कल्ला. "सर, राधा आली. तिच्या घरी जाऊन गवारच खेळले तिच्याशी. आज पंचवीस म्हणाली, आणि आता सगळ्यांच्या जुड्या सोडत फिरायलीय." शनिवारी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या शाळेतले धरून अकरा शिक्षक तिच्या वर्गात जमणार होते, आपणहून.

"मी येतो बोलायला," मी म्हटलं.

ती जरा अडखळली. "या की सर. पण बोलायला कृष्णाअक्कांनाच येऊ दे."

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तरी चपला घालून मी तसाच कृष्णाबाईंच्या घरी निघालो. इतकी आनंदाची बातमी मी आजवर कुणाला दिली नव्हती.