पूजेत ठेवलेला अंक

पहिला फटका तोंडावर बसला. हाताचा नव्हे, अंकाचा. ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकाचा ताजा, जाडजूड अंक. त्याची कड ओठात घुसली. तोंडात रक्ताची चव आली.

"पूजेंतलें पुस्तक उघडतेस? शिंप्याची पोर ती शिंप्याचीच!"

हे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. कुंभकोणमच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथालय सहायक होते, तिथले ग्रंथपाल. आम्ही दोघंही तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज राजाच्या दरबारात लेखणी घेऊन आले, माझे सुई घेऊन. चारचौघांत ते माझ्याशी तमिळ बोलत. अपमान करायचा असला की मराठी. बाकीच्यांना कळू नये म्हणून. इतकी वर्षं मी हाताची घडी, तोंडावर बोट.

त्या दिवशी ग्रंथालयात सरस्वतीपूजा होती. आमच्याकडे पुस्तकं देवीपुढं रचतात, गंध-कुंकू लावतात. पूजा उठेपर्यंत कुणी अक्षर वाचत नाही. अंक टपालानं आला तसा त्यांनी स्वतः उचलून त्या ढिगावर ठेवला. मला बघूही दिला नाही.

त्यात माझा लेख होता. आमच्या शास्त्राची नियतकालिकं मी वर्षानुवर्षं चाळत होते. 'वाचक' हा शब्द पानोपानी. पण चोळपुरम्‌हून बसनं येऊन वर्तमानपत्र वाचत बसणारा शेतमजूर त्यांत कुठंच नाही. तो का नाही, हे मी लिहिलं होतं. मला धीर धरवला नाही. आरती चालू असतानाच अंक ओढला, उघडला. लेखावर त्यांचं नाव. एकट्याचं. शेवटी बारीक अक्षरांत, माहिती गोळा करणाऱ्या 'एका कर्मचाऱ्याचे' आभार. मला नावसुद्धा नव्हतं. आणि तेवढ्यात त्यांनी तो अंक हिसकावून माझ्या तोंडावर हाणला.

सगळे माझ्याकडेच बघत होते. पापीण मी. "देवी कोपेल," कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याच बाजूनं डोलत होत्या.

"पाय धर माझे. नाहीं तर पदवी विसर," ते मराठीत पुटपुटले. हात पुन्हा वर गेला.

मी मनगट धरलं. पिरगळलं. ते कळवळले, चष्मा कुंकवाच्या ताटात पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मग मी तमिळमध्ये ओरडले. ते मला मराठीत काय काय म्हणाले, आजवर काय म्हणत आले, शब्द न् शब्द. लेख कुणाचा, तेही. घंटा वाजवणारा थांबला.

घरी अम्मा माझ्या ओठाला हळद लावत रडली. "देवीचें पुस्तक कां उघडलीस? आणि आपल्यांतलें बाहेर तमिळांत कां सांगितलीस?"

"आपल्यातलं? अम्मा, तो आपला कधी होता?"

तिनं पुन्हा बोट हळदीत बुडवलं.

माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. नोकरी गेली. संपादकांना लेखाचे सगळे मसुदे पाठवले, उत्तर नाही. नाही आलं तर नाही. पुढचा लेख लिहायला घेतलाय. त्यावर माझंच नाव राहील. ते पुसायला जो हात येईल, तो मी मोडीन.