कुलूप रामरावांचं, दार शाळेचं

रहिमुन्निसाबाईंची निंबगव्हाणला बदली झाली, तेव्हा अंबडच्या ओळखीच्या मास्तरांनी त्यांना एकच सल्ला दिला. शाळा उघडेल त्या दिवशी जा, सही करा आणि गावाच्या भानगडीत पडू नका. बाईंनी तो ऐकून घेतला आणि मे महिना सरायच्या आधीच, भर दुपारच्या एसटीनं गावात जाऊन उतरल्या.

सन शहाऐंशीची ही गोष्ट. बाई तेव्हा तिशीच्या आत-बाहेर असतील. वडील फकरोद्दीन अंबडच्या बाजारात बांगड्या भरायचे. घरात बोलणं सगळं दखनी, पण मुलीला त्यांनी घातलं मराठी शाळेत, कारण ती घराजवळ होती. नातेवाइकांनी नावं ठेवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरगी पढेगी. जबान कौनसी भी हो." पुढं लग्न झालं आणि सासूनं घर डोक्यावर घेतलं, तरी तिनं जालन्याला राहून डी.एड. केलं. नवरा इब्राहीम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता. बायकोनं एकदा मनावर घेतलं की तिच्या आडवं जाऊन उपयोग नसतो, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

निंबगव्हाणची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत दुसरी ते चौथी, आणि ती सांभाळायला रामकिसन गुरुजी. निवृत्तीला टेकलेला, भला पण भित्रा माणूस. दुसरी खोली पहिलीची. तिच्या दाराला हाताएवढं कुलूप लटकत होतं.

"किल्ली?" बाईंनी विचारलं.

"किल्ली रामरावांकडं असती," गुरुजी म्हणाले. "सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचं गोदाम पडलं तवापासून खताच्या गोण्या इथंच ठेवत्यात."

"आणि पहिलीची पोरं?"

"मारुतीच्या मंडपात बसत्यात. सावली हाये, वारा हाये."

बाई मंदिराकडं चालत गेल्या. मंडप खरंच गार होता. खांबाला कुणीतरी खडूनं अ-आ-ई काढून ठेवली होती. त्या बाहेर उभ्या राहून बघत होत्या, तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई सरपणाचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली. नवी मास्तरीण आहे हे कळल्यावर तिनं भारा खाली टाकला. तिचं नाव चतुराबाई.

"माझी थोरली ह्या पायरीवर बसली वर्षभर," तिनं मंडपाच्या खालची दगडी पायरी दाखवली. "आमच्या वस्तीची समदी लेकरं पायरीवर. वर चढा म्हून कोणी म्हन्लं न्हाई, अन् चढू नका म्हून बी कोणी म्हन्लं न्हाई. मास्तर आत शिकवायचा, तिला आर्धं ऐकू यायचं. उन्हानं पाय पोळायचे. मंग तिनं जाणंच सोडलं. औंदा धाकटीला घालायची होती, बेबीनंदाला. पर पायरीवर बसायला कशाला पाठवू?"

बाई तिथून सरळ रामरावांच्या घरी गेल्या.

रामरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बोलायला ते गोड होते. "बाई, मृग तोंडावर आला. लोकांना खत लागतं. गोण्या उघड्यावर कशा टाकायच्या? दिवाळीनंतर बघू आपण."

"अण्णा, तुमचं पत्र्याचं शेड केवढं मोठं आहे. मी येताना बघितलं."

"त्यात कडबा हाये, इंजिन हाये. अन् मंडपात काय वाईट हाये? तुमच्या आधीच्या समद्या मास्तरांनी तिथंच शिकवलं."

"ते मंडपात बसले. मी कुठं बसू?"

रामराव हसून म्हणाले, "तुम्ही पायरीवर खुर्ची टाका. कोणी काही म्हणणार न्हाई."

"मी पायरीवर बसेन हो," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे. पण ज्या शाळेला खोली आहे, त्या शाळेची पोरं मी पायरीवर बसवणार नाही."

रामरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "बाई, नोकरी सरकारची असली तरी राहायचं गावात असतं. बदल्या काय, होतच राहत्यात."

चहा तसाच ठेवून बाई उठल्या.

संध्याकाळच्या एसटीनं बाई घरी परतल्या, तेव्हा इब्राहीमनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कायकू झगडा लेती? नवा गाव है."

"झगडा नहीं ले रही. बस फळा होना मेरेकू."

"फळा?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाई निंबगव्हाणला गेल्या त्या बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड, कोळसा आणि डिंक घेऊन. कुलूप असलेल्या दारापुढं त्यांनी पदर खोचला आणि दाराच्या दोन्ही फळ्या घासून काढायला सुरुवात केली. रामकिसन गुरुजी धावत आले.

"बाई, हे काय करून राह्यले?"

"फळा करतेय."

"पर ते गोदामाचं दार हाये."

"गुरुजी, कुलूप रामरावांचं आहे. दार शाळेचं आहे."

गुरुजींनी इकडं-तिकडं बघितलं आणि घरी निघून गेले. काळी पूड खलून बाईंनी तिचा एक हात दिला, वाळल्यावर दुसरा दिला. संध्याकाळपर्यंत दाराचा झकास फळा झाला, मधोमध कुलूप लटकणारा. दुसऱ्या दिवशी चतुराबाई वस्तीतल्या दोघी-तिघींना घेऊन आली आणि दारापुढचं अंगण शेणानं सारवून गेली. गुरुजींनीही एक काम केलं. आपल्या खोलीतल्या तरटपट्ट्या त्यांनी मुकाट्यानं बाहेर आणून ठेवल्या.

मग बाई घरोघरी फिरल्या, गावात आणि वस्तीवर. शाळा अजून उघडायची आहे, पण पोरांना सवय लागू द्या, रोज सकाळी दोन तास पाठवा, असं सांगत. पोरं घरात उच्छाद मांडून होती, आयांनी आनंदानं पाठवली. कारभारी नावाचा एक कोरडवाहू शेतकरी तर नातवाला खांद्यावर बसवून घेऊन आला आणि पट्टीच्या कडेला स्वतःही टेकला.

सकाळचीच वेळ खत वाटायची होती, हे बाईंना माहीत होतं. रामरावांचा माणूस मच्छिंद्र किल्ली घेऊन आला, मागं दोन बैलगाड्या. दारावर अ पासून अः पर्यंत अक्षरं, आणि दारापुढं गावातली न् वस्तीवरची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली.

"बाई, पोरं उठवा. गोण्या काढायच्या हायेत."

"गाणं चालू आहे. झालं की उठवते."

"किती येळ?"

"गाणं संपेपर्यंत. तुम्ही बसा की तोवर."

मच्छिंद्रनं गाडीवाल्यांकडं बघितलं. त्यांतला एक तिथल्याच एका पोराचा बाप होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे, म्हणू दे त्यांना." गाणं संपल्यावर बाईंनी पोरांना अंगणातल्या कडुलिंबाखाली हलवलं. दार आत ढकललं की अक्षरंही आत जात, गोण्या निघाल्या की दार ओढून घेतलं जाई आणि पोरं पुन्हा जागेवर येत. तीन-चार दिवस असंच चाललं. रामरावांनी निरोप पाठवला की हे बंद करा. बाईंनी उलट निरोप पाठवला की कुलूप काढा, लगेच बंद करते.

मोकळा वेळ वाया का घालवायचा, म्हणून बाईंनी त्यात अंक सुरू केले. गोणी बाहेर आली की पोरांनी ओरडायचं, एक. दुसरी आली की दोन. पोरांना हा खेळ भलताच आवडला. दहापर्यंत ती शिकली होती. त्याच्या पुढचं अजून येत नव्हतं, म्हणून दहा झाले की परत एकपासून सुरू व्हायचं.

त्या वर्षी खत कमी आलंय, असं सोसायटीनं सांगितलं होतं. कारभारी गाडी घेऊन आला तेव्हा पोरं म्हणाली, एक, दोन. तिथंच थांबली. कारभारीनं दोन गोण्या गाडीत टाकल्या, पण नातू तिथंच बसलेला म्हणून तोही निंबाखाली रेंगाळला. त्याच्या मागून रामरावांच्या भाच्याची गाडी लागली. पोरांनी सुरुवात केली. दहा झाले, पुन्हा एकपासून. परत दहा झाले, परत एकपासून. पोरांचे आवाज चढतच गेले. खतासाठी थांबलेली माणसं आधी हसत होती, मग हसायची थांबली.

कारभारी उठून मच्छिंद्रपाशी गेला. "खत कमी आलंय म्हन्ला होतास ना रे?"

"अण्णांनी सांगितलं तसं करून राह्यलो मी."

"अण्णांना बोलव मंग."

रामराव आले तोवर तिथं बरीच माणसं जमली होती. कुणी मोठ्यानं भांडलं नाही. निंबगव्हाणात रामरावांशी मोठ्यानं भांडायची रीत नव्हती. पण कारभारीनं आपली गाडी दारापुढून हलवली नाही, त्याच्या शेजारच्यानंही नाही. भाच्याच्या गाडीतून गोण्या परत उतरल्या आणि पुन्हा वाटल्या गेल्या. उतरताना पोरांनी त्याही मोजल्या.

रामराव बाईंजवळ आले. आवाज अजूनही गोडच होता. "हे तुम्ही मुद्दाम केलं."

"मी अंक शिकवत होते, अण्णा. पोरांसमोर जे येतं, ते पोरं मोजतात."

बाईंच्या मनात ते होतं की नव्हतं, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. इब्राहीमनं बऱ्याचदा विचारलं, त्यालाही नाही.

उरलेलं खत पुढच्या दोन दिवसांत रामरावांच्या शेडमध्ये गेलं. यापुढं पोरांसमोर गोण्या काढायच्या नव्हत्या त्यांना, एवढंच. मच्छिंद्रनं कुलूप काढलं आणि दार सताड उघडं टाकून निघून गेला.

खोलीत पाऊल टाकवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी काढील असा वास. भिंती खतानं पुरुषभर उंचीपर्यंत खाल्लेल्या, जमिनीवर सांडलेल्या खताचे पापुद्रे, कोपऱ्यात उंदरांची बिळं. बाईंनी नाकाला पदर बांधला. चतुराबाई आणि वस्तीतल्या बाया आल्या. कारभारीची सूनही आली, सोनूबाई. पहिल्या दिवशी ती वस्तीच्या बायांपासून जरा अंतर राखून खरवडत होती. पण भरलेलं घमेलं उचलायला दोघी लागायच्या आणि घमेली दोनच होती. दुपारपर्यंत ती आणि चतुराबाई एकाच घमेल्याचे दोन कान धरून माती बाहेर टाकत होत्या.

वीतभर जमीन उकरली, ओढ्याकाठची पांढरी माती घातली, चोपणीनं चोपली, सारवली. इब्राहीम सुट्टीच्या दिवशी चुन्याचा डबा आणि शिडी घेऊन आला. बायकोनं सांगितल्याप्रमाणं त्यानं भिंती रंगवल्या आणि खाली, बसलेल्या पोराच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर, गेरूचा पट्टा ओढला. त्या पट्ट्यावर बाईंनी चित्रं काढली. अननस गावात कुणी बघितलेलं नव्हतं, म्हणून अ-ला अडकित्ता. आ-ला आंबा. ब-ला बाभूळ. चिंचोके, कवड्या, बिबे असं मोजायचं सामान पत्र्याच्या डब्यांत भरून कोपऱ्यात मांडलं. दाराजवळ तिवईवर एक माठ ठेवला आणि त्याच्यावर पाणी घ्यायला एकच ओगराळं.

रामकिसन गुरुजींनी माठाकडं बघितलं. "एकच ठेवला?"

"हो."

"गावात बोलतील."

"बोलू द्या. तहान लागली की पितील."

गुरुजींनी माठाचं झाकण काढून ओगराळ्यानं पाणी घेतलं आणि वरून तोंडात ओतलं. "गार हाये," म्हणाले, आणि आपल्या वर्गाकडं गेले.

शाळा उघडली त्या दिवशी रामराव स्वतः नातवाला घेऊन आले. नवा सदरा, डोक्याला तेल. दुसऱ्या शाळेसाठी फाट्यापलीकडं चालत जावं लागायचं, तेवढं लहान पोर जाणार कसं. बाईंनी त्याचा हात धरून त्याला पट्टीवर बसवलं. शेजारी बेबीनंदा होती.

"बाई," रामराव दारातूनच म्हणाले, "त्याला पुढं बसवा."

"पुढंच आहे तो."

"शेजारी..."

"शेजारी कुणीतरी असणारच, अण्णा. एकट्या पोराचा वर्ग होत नाही."

पोरगं तोवर बेबीनंदाच्या पुढ्यातले चिंचोके ओढत होतं आणि ती त्याचा हात बाजूला सारत होती. घेऊन जायचं असतं तर रामराव त्याला घेऊन जाऊ शकत होते. त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि निघून गेले. पोरगं दुसऱ्या दिवशीही आलं.

बाईंची बदली झालीच, फक्त वेळ लागला. दोन वर्षांनी त्यांना तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं. बदली थांबवायला त्या कुणाच्या दारात गेल्या नाहीत. निघायच्या दिवशी त्यांनी खोली सारवून घेतली, फळ्याला नवा हात दिला आणि एसटीत बसल्या.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या मास्तरांना कुणीतरी गावची रीत कानात सांगितली असावी. त्यांनी वस्तीच्या पोरांसाठी दारामागं वेगळा माठ ठेवला. तिसरीत गेलेल्या बेबीनंदानं तो बघितला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. चतुराबाई हातातलं काम टाकून शाळेत आली. तिच्याबरोबर सोनूबाई होती. मास्तर शिकवत होते. चतुराबाईनं तो माठ उचलला आणि अंगणातल्या निंबाच्या बुडाशी रिकामा केला.

मास्तर बाहेर आले. "ओ बाई, हे काय?"

"मास्तर, ह्या खोलीची माती आम्ही घमेल्यानं काढलीये," चतुराबाई म्हणाली. "त्या बाई गेल्या. आम्ही कुठं जाणार न्हाई."

सोनूबाईनं रिकामा माठ कमरेवर घेतला आणि दोघी घराकडं चालू लागल्या.