फोनला लावलेला कौल

शाळेतून आले की चहा उकळेपर्यंत पडवीत बसून मोबाइलवर एक खेळ खेळायची मला सवय लागली होती. खेळ अगदी साधा. एक आडवी पट्टी आणि तिच्यावर एक लोखंडी गोळी. डाव्या अंगठ्याने पट्टीचं डावं टोक वर सरकवायचं, उजव्याने उजवं. पट्टी जराशी कलली की गोळी उताराकडे धावते. मागच्या फळीवर जागोजागी भोकं आहेत, ती चुकवत गोळी सगळ्यात वरच्या हिरव्या भोकापर्यंत न्यायची, बस्स. उतार, वेग, तोल हे सगळं मी वर्गात आकृत्या काढून शिकवते, आणि इथे माझीच गोळी अर्ध्या वाटेत गडप. तिथे दोन भोकं इतकी जवळजवळ होती की मधून जायचं म्हणजे श्वास रोखूनच. त्यांच्या पलीकडे मी कधीही गेले नव्हते. संतापाने फोन अंगणात भिरकावावासा वाटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जित्याची खोड!

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई गेली, आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. भाटे गावाच्या पुढे कातळाच्या कडेला आमची आंब्याची बाग आहे. विहिरीजवळच्या जुन्या कलमाचा पहिला आंबा ग्रामदेवीला जातो आणि तो बाबा स्वतः झाडावर चढून काढतात. काठीला जाळी लावलेला झेला आहे, खाली उभं राहून कोणीही काढील. पण नाही. देवीचा आंबा हाताने काढायचा, देठासकट, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने. गावातले लोक त्या दिवशी बांधावरून जाता जाता थांबून बघतात. बाबांना ते आवडतं, हे ते कधी कबूल करणार नाहीत.

या थंडीत ते भोवळ येऊन अंगणात पडले. मग उजव्या हाताला कंप सुटला. कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. डॉक्टरांनी बजावलं, झाडावर चढायचं नाही. बाबांनी इतक्या शहाण्यासारखी मान डोलावली की तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि एका संध्याकाळी, मी फोन घेऊन बसलेली असताना, ते विहिरीकडून आले आणि म्हणाले, "आंबा तयार झालाय. उद्या चढतो."

"कोण चढतो?"

"मी. आणि कोण?"

मी गोळी पडू दिली. "बाबा, देवीने काय तुमचा पाय मोडून मागितलाय आंबा? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डॉक्टर कधी चढलाय कलमावर? त्याला काय कळतंय!"

मग आमचं जुंपलं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्या फांदीवरून खाली बघितलं तर विहिरीचा कठडा आहे, नुसता दगड. बाबा तिथे वर उभे आहेत आणि त्यांचा तो हात थरथरतोय, हे चित्र कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. बाबाही तसेच. सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही असं आमचं घराणं.

शेवटी ते म्हणाले, "मग कौल लावू. देवी काय सांगेल ते."

आमच्याकडे काही अडलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यावर लग्नं ठरतात, विहिरी खणल्या जातात, भाऊ वेगळे होतात.

"देवळातला कौल मी मानणार नाही," मी म्हटलं. "गुरव तुमचाच दोस्त."

"मग तुझ्या त्या फोनला लाव गो. रोज त्याच्याच तर पाया पडत असतेस." त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. "गोळी वर पोचली तर मी चढतो. पडली तर नाय चढत. शब्द."

विज्ञानाच्या बाईने खरं तर तिथेच हसून उठायला हवं होतं. पण मला आयतीच सोय झाल्यासारखं वाटलं. ती गोळी वर पोचणं माझ्या हातून शक्यच नव्हतं. बाबा दिलेला शब्द मोडत नाहीत. मी चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, "ठीक आहे. पण मग नंतर कुरकुर नाही."

"तू मुद्दाम पाडायची नाय."

"नाही पाडत."

मी खेळायला लागले. पहिली काही भोकं सवयीने चुकली. बाबा वाकून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. त्यांचा हात माझ्या खुर्चीवर होता आणि त्याचा कंप खुर्चीतून माझ्या पाठीत येत होता. "हात काढा, खुर्ची हलतेय," मी म्हटलं. त्यांनी लगेच हात काढला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला. एरवी उलट उत्तर आलं असतं.

ती दोन भोकं आली. गोळी डावीकडे सरकली, काठावर जरा रेंगाळली, परत फिरली आणि मधून सरळ वर निघून गेली.

इतके दिवस डोकं फोडून जे जमलं नव्हतं ते आज, नको त्या वेळी जमलं होतं. आता वरची फळी मला नवीन होती. भोकं लहान, पण विरळ. अंगठ्यांना घाम सुटला. मी आता चुकायचीच वाट बघत होते आणि माझे अंगठे चुकत नव्हते. हलकं डावं, हलकं उजवं. गोळी अगदी शहाण्या मुलीसारखी वर चालली होती.

पाड, मी स्वतःला म्हटलं. एक झटका दे, कोणाला कळणार आहे? पण बाबा शेजारी बसले होते, आणि 'नाही पाडत' असं मी म्हटलेलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या आत कुणीतरी हट्टाने म्हणत होतं, आता थोडंच राहिलंय, जिंक. एका बाजूला विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला ते हिरवं भोक. चहा उतू गेल्याचा वास आला. आम्ही दोघंही उठलो नाही.

"पोचतेय," बाबा पुटपुटले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात आनंद नव्हता.

गोळी हिरव्या भोकाच्या अगदी खाली आली. डावं टोक किंचित उचलायचं, बस्स. मी अंगठा सरकवणार इतक्यात शेजारून बाबांचा हात आला. त्यांनी तर्जनी पट्टीच्या उजव्या टोकावर टेकवली आणि वर ओढली. बोट थरथरत नव्हतं. उजवं टोक वर गेलं, गोळी भरधाव डावीकडे धावली आणि कडेच्या भोकात पडली.

"बाबा!" मी ओरडले. "पोचली होती! हात कशाला घातलात मध्ये?"

मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. कठडा, फांदी, भोवळ, सगळं विसरून मी त्या हुकलेल्या डावासाठी चडफडत होते. पडद्यावर 'पुन्हा खेळा' आलं. मी तिथे बोट नेलं, तर त्यांनी आपला पंजा पडद्यावर पालथा ठेवला.

"नाय. कौल दोनदा लावत नाहीत."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, विहिरीकडे बघत होते. काचेवरचा हात पुन्हा थरथरायला लागला होता आणि तो ते या वेळी लपवत नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चढायची भीती माझ्याआधी त्यांनाच वाटत होती. नाही म्हणायला त्यांना कोणीतरी हवं होतं, आणि ते माणूस असून चालणार नव्हतं. मुलगी तर नाहीच नाही.

"उद्या गडी काढील आंबा," ते म्हणाले. "बांधावर कोणी विचारलंन तर सांग, बाबांना देवीने नको म्हटलंन. कौल डावा आला."

"सांगते," मी म्हटलं.

"तूच सांग गो. मी त्या वेळी घरात असेन."