पाच म्हाताऱ्यांनी पसंत केलेलं हेड

कोपरच्या परशुराम भोईरने अर्ध्या डोंबिवलीची लग्नं लावली असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे लावली भटजींनीच, पण परशुरामने "वहिनी, जरा मान वर" म्हटल्याशिवाय हार काही गळ्यात पडायचा नाही. त्याच्या स्टुडिओच्या काचेत नुसत्या नवऱ्या मुली, आणि त्या बघून बघून तो पार विटला होता. गड्याचा सगळा जीव किड्यांत! लोक हळदीला नाचत असायचे आणि हा मांडवाच्या खांबावरच्या सुरवंटापुढे गुडघे टेकून बसलेला असायचा. आयुष्यात एक तरी फोटो स्वतःच्या हौसेचा काढावा, तो काचेत मधोमध लावावा आणि येणाऱ्याने विचारावं, "हा कोणी काढला हो?" एवढीच त्याची इच्छा होती.

एकोणनव्वद साली गणपती गेले आणि योग आला. त्याच्या बायकोच्या, मालूच्या, कढीपत्त्यावर खंडोबाच्या किड्याने अंडी घातली. तोच तो हिरवा, हात जोडून बसणारा किडा. फांदीला वाळक्या फेसाचा गोळा चिकटलेला, आणि त्यातून एक दिवस मुंगीएवढी पिल्लं बाहेर येणार. परशुरामने लगेच फर्मान काढलं, पिल्लं निघेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही.

"आवो, मग आमटीत काय घालू? तुमचा रोल?" मालू म्हणाली.

खरी अडचण वेगळीच होती. जवळचा फोटो काढायचा म्हणजे लेन्समागे रिंगा लावायच्या, आणि रिंगा लावल्या की कॅमेरा तोंडाकडून जड होतो. स्टँडचं जुनं हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो माथा, झिजलेलं. कितीही आवळा, कॅमेरा आपला देवळात शिरल्यासारखा हळूहळू नमस्कार घालायचा. इतक्या जवळून केसभर हललं तरी किड्याचा धब्बा होतो. त्यामुळे नवं हेड पाहिजेच होतं. परशुरामच्या मनात बॉल हेड भरलं होतं. एक स्क्रू ढिला करा, कॅमेरा हवा तिकडे वळवा, आवळा, झालं!

पण त्याने गाढवपणा केला. हे तो जेवताना बोलला, आणि समोर दाजी बसले होते, त्याचे थोरले चुलते. भोईरांच्या घरात बैल असो, होडी असो की सून, पाच जुनी माणसं बघून आल्याशिवाय काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही.

"एकटा जाशील? मग आमी काय मेलो काय रं?" दाजी गरजले.

झालं! पाच म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून रेतीच्या टेम्पोतून ठाण्याला निघाले. कॅमेऱ्याच्या दुकानात शिरताच दाजींनी विचारलं, "पोरगी कुठंय?" दुकानदार घाबरून मालकीणबाईंना हाक मारणार, तेवढ्यात परशुरामने काउंटरवरच्या हेडकडे बोट दाखवलं. लाजेने मेला बिचारा.

बॉल हेडवर कॅमेरा चढवला. दाजींनी खालून वरून पाहिलं आणि एकदम स्क्रू फिरवला. कॅमेऱ्याने धाडकन मान टाकली.

"यो मान टाकतो रं परशा! असला बैल दावनीला नको."

"दाजी, तो तसाच असतो. कॅमेरा हातात धरून मग..."

"धरून ठेवायचा तर इकत कशाला घ्यायचा?"

मग तीन दांड्यांचं हेड आलं. एका दांडीने वरखाली, दुसरीने डावंउजवं, तिसरीने तिरकं. लोखंडासारखं जड आणि दिसायला अगदी गावठी. पाचांतल्या काळुरामकाकांनी दांड्या हलवून पाहिल्या. "शिंगं कशी हान बग!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. परशुराम नाही नाही म्हणतोय, तोवर दाजींनी कनवटीची सुपारी काढली आणि अडकित्त्याने काउंटरवरच फोडली. सुपारी फुटली की विषय संपला. मोडता घातला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. दुकानदारानेही एक खांड तोंडात टाकलं.

परतताना परशुराम त्या शिंगाड्याला मांडीवर घेऊन रडवेला होऊन बसला होता.

आणि एका सकाळी मालू ओरडली, "आवो, निंगाली!" गोळ्यातून पिल्लं धाग्याला लोंबकळत उतरत होती. परशुराम लुंगीवरच धावला. एक दांडी फिरवली, दुसरी बरगडीत घुसली, तिसरी हनुवटीला लागली. दाजींच्या नावाने शंख करत त्याने कसंबसं नेमकं जुळवलं आणि सगळं आवळलं. तोच खाडीवरून वारा सुटला आणि फांदी हलायला लागली.

"मालू, मी म्हटलं की केबलचं बटण दाब!" असं म्हणून तो फांदी पलीकडून धरायला झाडामागे धावला, पाय घसरला, आणि कढीपत्त्यात तोंड खुपसून पडला. अर्धं झाड खाली आलं. "आई गं, मेलो!" म्हणाला तो. बटण दाबायला सांगितलंय असं समजून मालूने दाबलं.

रोलमध्ये तेवढाच एक फोटो! पिल्लं तर केव्हाच पांगली होती. त्या दिवशी तो जेवला नाही. एवढ्या वर्षांची हौस मातीत गेली म्हणून खरोखर रडला.

निदान बघावं म्हणून त्याने फोटो धुतला. पाण्यातून हळूहळू एक नाक वर आलं. भलंमोठं, घामेजलेलं, अंड्यांच्या गोळ्याच्या जागी बरोबर आलेलं नाक. आणि नाकाच्या शेंड्यावर मुंगीएवढं पिल्लू, हात जोडून. पिल्लाच्या मिशा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ. हेड केसभरही हललं नव्हतं.

फोटो काचेत मधोमध लागला. दाजी रोज येऊन हेडच्या दांडीवर थाप मारून जायचे. लग्नाची तारीख द्यायला आलेला पहिलाच माणूस काचेपुढे थबकला आणि म्हणाला, "वा! हा कोणी काढला हो?"

परशुरामने मान वळवली. मागे मालू पडलेल्या फांदीचा कढीपत्ता निवडत बसली होती.

"आमच्या हिने," तो म्हणाला. "नाक माझं आहे."