काळे विंचू, आमची कुठेही शाखा नाही

आमच्या युट्यूब मालिकेचा एक भाग जेमतेम बारा मिनिटांचा असतो. पण तो करताना जे काही घडतं ते सांगायला बसले, तर चहाचं पातेलं दोनदा चढवावं लागतं! लोक भाग पाहून विसरतात, आमच्याकडे किस्से साचत राहतात. मोटारसायकलवाल्या टोळीच्या भागाचे तर इतके साचलेत, की एकदाचे सांगून मोकळी होते.

मी जळगावात कॉम्प्युटर क्लास चालवते आणि सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक असते. मालिका साधी आहे. पिंप्राळ्यातले चार येडे पॉप बँड काढतात आणि दर भागात तोंडावर आपटतात. या भागात त्यांना हायवेवर गुंडांची टोळी गाठते आणि गिटार हिसकावते. बस, एवढीच गोष्ट!

टोळीचा म्होरक्या म्हणजे आमचा भूषण. सहा फूट उंच, दार भरून टाकेल असा देह, छातीपर्यंत दाढी. बियाण्याच्या दुकानात काम करतो आणि शेतकऱ्याला बियाण्याची पिशवीसुद्धा दोन्ही हातांनी देतो. उभ्या जन्मात कोणाला ‘अरे’ म्हणालेला नाही.

पण मागे आमच्याच एका भागात त्याने चोराचं काम केलं होतं. ती क्लिप मुलीकडच्यांनी पाहिली आणि जमत आलेलं लग्न मोडलं. ‘मुलगा गुंड दिसतो,’ असा निरोप आला! तेव्हापासून त्याच्या आईने, म्हणजे अक्कांनी, व्हिलनचं काम बंद करून टाकलेलं. मी घरी जाऊन अक्षरशः पदर पसरला.

अक्का म्हणाल्या, “ताई, हे शेवटचं हं. शनिवारी काय धुडगूस घालायचा तो घाला. रविवारी धुळ्याचे पाहुणे येताहेत घर पाहायला. मला पोरगा दाढी काढून, माणसासारखा परत पाहिजे! हेही स्थळ गेलं तर तो पुन्हा हो म्हणायचा नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज कापला. मला वाईट वाटलं. पण भाग तर करायचाच होता!

*

आता टोळीला जाकिटं हवीत. आमचा गायक कमलेश, त्याच्या वडिलांचं साड्यांचं मोठं दुकान आहे. कपडेपट कायम तिथूनच येतो. पण चामडं म्हटल्यावर काकाजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

“जैनाच्या दुकानातून चामडं? भूल जा, बेटा!”

शेवटी रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याला गाठलं आणि काळ्या रेक्झिनची जाकिटं शिवून घेतली. दिसायला एक नंबर! फक्त उन्हात अंगाला चिकटायची. आमच्या बँडचे मॅनेजर नाना हे रिटायर्ड एसटी कंडक्टर. त्यांनी भूषणच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “स्टेशनला किती घेणार?”

*

जाकिटाच्या पाठीवर कवटी आणि टोळीचं नाव रंगवायचं काम दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला दिलं. मी त्याला नीट समजावलं, “दादा, बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे.” तो म्हणाला, “चिंताच सोडा, ताई!”

शनिवारी सकाळी गाडीत बसता बसता पिशव्या उघडल्या. कवटी झकास. वर लाल अक्षरात ‘काळे विंचू’. आणि खाली, सवयीप्रमाणे, सुबक अक्षरात, ‘आमची कुठेही शाखा नाही’!

मी कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, “राहू दे गं. लोकांना तेवढाच दिलासा.”

*

खऱ्या बुलेट हव्या होत्या म्हणून धुळ्याच्या एका बुलेट ग्रुपला फोन लावला होता. पलीकडून असा घोगरा आवाज आला, की मीच घाबरले. “आम्ही सगळे येतो. जागा सांगा.”

सोनगीरच्या किल्ल्याखाली भेटायचं ठरलं. लांबूनच धडधड ऐकू आली, धूळ उडाली, काळीज हललं! गाड्या थांबल्या, हेल्मेटं निघाली. घोगरा आवाज दातांच्या डॉक्टरांचा होता, त्यांना सर्दी झाली होती. बाकी दोन किराणावाले, एक चार्टर्ड अकाउंटंट. एकाने बायकोने दिलेले ठेपले आणले होते.

सगळे सज्जन, तीच पंचाईत! टोळी वळणावरून बँडवर तुटून पडते असा शॉट. गाड्या आल्या आणि वळणावर सगळ्यांनी ओळीने डावा इंडिकेटर दिला!

मी किंचाळले, “डॉक्टर, हल्ला आहे हा!”

डॉक्टर म्हणाले, “हल्ला असला म्हणून काय झालं? मागून ट्रक येतात, मॅडम.”

*

आणि म्होरक्याला बुलेटच येत नव्हती! भूषण आयुष्यभर आईची स्कूटी चालवणारा. किक मारायच्या आधी तो गाडीच्या पाया पडला. गाडी ढिम्म. डॉक्टरांनी शिकवलं, अकाउंटंटने शिकवलं. गाडीने एकदा खोकून दाखवलं, तेवढंच.

शेवटी युक्ती केली. जरा उतार होता, तिथून गाडी ढकलायची आणि आवाज नंतर टाकायचा. आता ढकलणार कोण? मोकळे होते ते बँडवाले! ज्यांना लुटायचं तेच चौघं घामाघूम होऊन लुटारूला ढकलताहेत. आणि तो वरून म्हणतोय, “भाऊ, दमले असाल तर मी उतरू का?”

*

एव्हाना गाव गोळा झालं होतं. सगळ्यात पुढे पांढरी टोपी घातलेले एक आबा दगडावर ठाण मांडून बसले होते, हातात काठी. सकाळपासून हलले नव्हते.

सीन असा होता. भूषणने नानांच्या हातातली गिटार हिसकायची आणि ओरडायचं, ‘ए म्हाताऱ्या, बाजूला हो!’

ॲक्शन! भूषण तरातरा आला, डोळे वटारले आणि म्हणाला, “नाना, जरा गिटार देता का?”

कट! पुन्हा. “नाना, सरकता का थोडं? लागेल तुम्हाला.”

पुन्हा. पुन्हा. ऊन डोक्यावर आलं. माझा आवाज बसला. तेव्हा आबा काठी टेकत उठले आणि सरळ कॅमेऱ्यापुढे आले.

“हाऊ काय गुंड शे? हाऊ ते भाडानी खोली दखाले येल दिखस!” म्हणजे गुंड कसला, हा तर भाड्याची खोली बघायला आलेला दिसतो! मग भूषणकडे वळून म्हणाले, “मनाकडे दख, भाऊ!”

आणि त्या माणसाने काठी आपटून अशी डरकाळी फोडली, की बाजूचं कुत्रं पळालं आणि डॉक्टरांच्या हातातला चहा जाकिटावर सांडला! गावाने टाळ्या वाजवल्या. मग दुपारभर आबांचा क्लास चालला. छाती कशी काढायची, मिशी कशी पिळायची, डोळे कुठे रोखायचे. भूषण मान हलवत होता, “हो आबा, बरं आबा.”

उन्हं उतरली तसा शेवटचा टेक घेतला. भूषणने गिटार हिसकावली आणि खरोखर गरजला, “ए म्हाताऱ्या, बाजूला हो!”

आम्ही श्वास रोखला. तोच त्याने गिटार खाली ठेवली आणि नानांचे पाय धरले. “चुकलं, नाना!”

तोच टेक भागात ठेवलाय. लोक म्हणतात, काय ॲक्टिंग आहे!

*

रविवारी अक्कांनी मलाही बोलावलं होतं, चार शहाणी माणसं दिसावीत म्हणून. भूषणची दाढी गुळगुळीत, पांढरा शर्ट, हातात पोह्यांचा ट्रे. गाडी दारात थांबली. मुलीचे आईवडील उतरले, मुलगी उतरली. सगळ्यात शेवटी एक काठी बाहेर आली, मग पांढरी टोपी.

भूषणच्या ट्रेमधल्या बशा वाजायला लागल्या.

“हे आमचे वडील,” मुलीचे बाबा म्हणाले. “सोनगीरला शेतात असतात. म्हणाले, मी बी येस.”

आबा समोर बसले, भूषणकडे बघत बघत स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला आणि पोहे खायला लागले. मुलगी खाली मान घालून हसू दाबत होती की काय, मला कळेना.

मुलीचे बाबा जरा खाकरले. “एक विचारू का? तुमचा मुलगा व्हिडिओत गुंडाचं काम करतो असं ऐकलं. आजकाल माणसाचं काही सांगता येत नाही. शेवटी पोरीचा प्रश्न आहे.”

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. हात जोडून म्हणाल्या, “देवाशपथ सांगते दादा, माझं पोरगं आजवर कोणाला मोठ्या आवाजात बोललेलं नाही!”

आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, टोपी सारखी केली.

“माले म्हाईत शे, माय,” आबा म्हणाले. “काल दिनभर शिकाडं मी त्याले. जमनं नही!”