बोलत जायचा रस्ता

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. पालीला भिते, लिफ्टला भिते, फोन दोनदा वाजून बंद झाला तरी भिते. मुलगी झाल्यावर तर भीतीनं माझ्यात बस्तानच मांडलं. आधी वाटायचं, आपलं काही बरंवाईट होईल. आता वाटतं, आपलं काही झालं तर हिचं कसं होईल. ही दुसरी भीती फार चिवट असते.

अशा बाईनं पाच वर्षांच्या मुलीला नवऱ्यापाशी ठेवून गोंदियाहून एकटीनं निघायचं, त्याला कारणही तसंच होतं. मी कथा लिहायचे. दिवाळी अंकांत छापून यायच्या, चार लोक ओळखायचे. मुलगी झाली आणि ते आटलं. वेळच मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते, पण खरं म्हणजे वेळ मिळाला तरी काही सुचत नव्हतं. झोपताना मुलीला गोष्ट सांगायची, तर तीच ती शेपूट हरवलेल्या सशाची. तिलाही ती पाठ झाली होती. एकदा पांघरुणातून तोंड काढून तिनं विचारलं, "आई, तुला दुसरी येतच नाही का?" मला ते फार लागलं. नवऱ्यालाही ते ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दोन-तीन दिवस कुठं तरी जाऊन बस, लिही, मी बघतो हिला.

लिहायला चालले, असं सांगून घराबाहेर पडायची आमच्याकडे सोय नाही. म्हणून मामीचं गाव शोधलं. नागझिऱ्याच्या अंगाला, जंगलाला खेटून आहे ते. मामीकडे जाणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही, एवढाच माझा हिशेब. पण लेकरू सोबत नसलं की विचारतात, हे मी विसरले होते. शेजारीण गॅलरीतूनच म्हणाली, "अकेले जा रही हो? बच्ची को किसके पास छोड़ा?" बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीनंही तेच विचारलं. बापापाशी ठेवलं, म्हटलं. "बापापाशी?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी मुलीला बसस्टँडच्या बाकावरच बसवून आले होते.

मामीकडे दोन दिवस राहिले आणि एक ओळ लिहिली नाही. वेळ होता, शांतता होती, मामी कामाला हात लावू देत नव्हती. मी परसात खाट टाकून बसायचे, आणि डोक्यात गोष्टी यायच्या त्या सगळ्या घरच्या अपघातांच्या. गॅस सुरू राहिला. गच्चीचं दार उघडं राहिलं. शाळेच्या रिक्षातून मुलगी अर्धी बाहेर वाकली. इतक्या बारकाईनं दिसायचं सगळं, की तिच्या फ्रॉकची बटणंसुद्धा दिसायची. माझी कल्पनाशक्ती कुठं गेली, असं मी पाच वर्षं म्हणत होते. ती कुठंही गेली नव्हती, याच कामाला लागली होती. हे कळल्यावर मला रडूच आलं.

गावात फोनला रेंज नव्हती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढलं की यायची. गावच्या जुन्या लोकांनी बांधलेला तो तलाव मोठा आहे, पाळही उंच. मी सकाळ-संध्याकाळ तिच्यावर चढून घरी फोन करायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चढले, तर नवरा म्हणाला, पहाटेपासून हिचं अंग गरम आहे, एकदा उलटी झाली, पण डॉक्टरला दाखवलं, तू यायची घाई करू नकोस. त्याचं बोलणं मी अर्धंच ऐकलं. मागून ती 'आई' म्हणून रडत होती, ते मात्र पूर्ण ऐकलं. नेमकी तेव्हाच रेंज गेली.

मी पळत घरी आले आणि पिशवी भरली. निघायचं तर फाट्यापर्यंत जायला हवं, बस तिथंच मिळते. गावचा ऑटो सकाळीच निघून गेला होता. मामेभाऊ गाडी घेऊन तालुक्याला गेला होता, तो दुपारनंतर येणार. फाटा म्हणजे पायी पाऊण तास, आणि सगळा रस्ता जंगलातून. दिवस मोहफुलांचे होते, पण वेचणाऱ्या बाया पहाटे जातात आणि ऊन चढायच्या आत टोपल्या घेऊन परततात. त्याही परतल्या होत्या. मामीनं पोरगा येईतो थांब म्हणून दोनदा सांगितलं. गुडघ्यांमुळे तिला अंगणाबाहेर चालवत नव्हतं, तरी ती काठी घेऊन गावाच्या शेवटच्या घरापर्यंत आली. तिथं उभी राहून म्हणाली, "आयकत नाही त जा. पन एकटी जाऊन रायली, त चूप नोको राहू. बोलत जाजो. आवाज आयकला का जनावर आपनच बाजूले होते."

वाघाला तिकडे नावानं हाक मारत नाहीत. जनावर म्हणतात. आणि जंगलातून जाताना बोलत जायचं, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. बाया घोळक्यानं बोलत जातात, माणसं गाणी म्हणतात, नाहीतर ढोरांना उगीच हाका मारतात. पण एकटीनं बोलायचं म्हणजे कोणाशी?

पहिल्या वळणापर्यंत मी नुसती चालले. सागाची मोठाली पानं वाळून पडलेली होती, त्यांत एखादा पक्षी उड्या मारायला लागला तरी कुणी तरी जड पावलांनी चालत आल्यासारखं वाटत होतं. मग मी मुलीशीच बोलायला लागले. हात धर गं, म्हटलं. औषध घेतलंस ना, म्हटलं. स्वतःचाच आवाज परका वाटत होता. बोलायचं संपलं तेव्हा सशाची गोष्ट सुरू केली. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, शाळेच्या तपासणीला मुलं कविता म्हणतात तशी.

आणि तेव्हा मला आई आठवली. माझी आई घरी फार कमी बोलायची. आम्ही आमगावला राहायचो, मोठं घर, सासू-सासरे, दीर, तिच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघाली तर निघाली. पण मला घेऊन ती भावाकडे यायची, फाट्यावर उतरायची आणि या रस्त्याला लागली की तिची कळी खुलायची. गोष्टींवर गोष्टी सांगायची. कुठं ऐकलेल्या नव्हत्या त्या, तिथल्या तिथं रचलेल्या. माझा हात घट्ट धरलेला असायचा. गाव आलं की ती पुन्हा चूप. माहेर जवळ आल्याचा आनंद तिला बोलतं करतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. तिच्यावर लिहिलेल्या एका लेखात तसं लिहिलंही होतं.

आनंद कसला. आई घाबरलेली असायची. हातात लेकरू होतं, रस्ता हा असा होता, आणि गाव येईपर्यंत गोष्ट संपू द्यायची नव्हती.

या विचारात मी कधी गप्प झाले ते मलाच कळलं नाही. नाल्याजवळच्या उतारावर होते. सशाला शेपूट मिळून गेली होती, गोष्ट संपली होती. तेवढ्यात डोक्यावरच्या झाडावर वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं, पलीकडच्या झाडावरून. वानरं अशी ओरडली की खाली काही तरी आहे, हे या भागातल्या पोरांनाही समजतं. समोर बांबूचं रान होतं. त्यात काही हललं, की मला तसं वाटलं, मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मी थांबले. मनात एकच होतं, ती तापानं फणफणलेली आहे आणि मी इथं आहे.

तोंड उघडलं, तर ससा येईना. जे आलं ते हे. एक कासवी होती, मी ओरडून सांगितलं. तलावात राहायची. पण अंडी पाण्यात घालता येत नाहीत ना, त्यासाठी तिला तलाव सोडून कोरड्या जमिनीवर लांब जावं लागायचं, एकटीलाच. निघाली बिचारी. वाटेत खेकडा भेटला. खेकडा म्हणाला, पोरांना पाण्याबाहेर ठेवतात का कुणी? कासवीनं त्याला उत्तर दिलं. मग बगळा भेटला. त्याच्याशी ती भांडली. मी एकेकाला भेटवत होते, लांबवत होते, कारण कासवी पोचली की गोष्ट संपणार होती. बोलता बोलता उतार उतरले, नाला ओलांडला, मागं वळून पाहिलं नाही. मग मुंगूस आलं. मुंगूस अंडी खातं. आता ही काय करील, ते मला खरंच ठाऊक नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदा पुढचं मला ठाऊक नव्हतं, आणि मी पुढचं ऐकायला चालत होते.

फाट्यावर पोचले तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं माझ्याकडे बघत होती, कारण मी अजून बोलतच होते.

घरी आले, तर मुलगी बापाच्या मांडीवर बसून खिचडी खात होती. ताप उतरला होता. मी तिला इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली. झोपताना कासवीची गोष्ट सांगितली, मुंगसापर्यंत. पोचली का ती, तिनं विचारलं. अजून रस्त्यात आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन आला. आदल्या दुपारी त्या नाल्याजवळ जनावरानं गावातली एक गाय मारली होती. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बसून राहिले. घरात हे मी कुणालाच सांगितलं नाही.

ती कथा मी महिन्याभरात लिहून काढली. त्यानंतर आणखी काही लिहिल्या. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली, आणि ती मला मुळीच आवडत नाही. घरात, पंख्याखाली, मुलगी शेजारी खेळत असताना मला काही सुचत नाही. चार-सहा महिन्यांनी पिशवी भरावी लागते. कधी इटियाडोहच्या धरणावर, कधी नुसतीच अनोळखी गावच्या बसमध्ये. एकटीनं फिरलं की मन मोकळं होतं, असं बायका मला सांगतात. माझं होत नाही. प्रत्येक वेळी तीच भीती सोबत येते, तेवढीच मोठी. सवयीनं ती कमी होईल, असं वाटलं होतं. ती होत नाही, फक्त तिला बोलायला लावता येतं.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात हट्टानं एकटीच गल्लीच्या टोकाच्या दुकानात दही आणायला निघाली. मी फाटकात उभी राहिले. ती थोडं पुढे गेली, तिथं मोकाट कुत्री बसलेली असतात, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा.

"मग कासवी म्हणाली, मी घाबरली नाहीये, पण तुम्ही जरा बाजूला व्हा."

हे वाक्य मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते तिचं होतं. आणि ती बोलत होती, म्हणजे ती घाबरली होती. बोलत जायचं हे तिला मी शिकवलं नव्हतं, नाल्याचं तर तिला ठाऊकच नव्हतं. तरी ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

ती वळणावरून दिसेनाशी झाली. तिचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला, मग एक मोटारसायकल गेली, आणि नंतर काही ऐकू येईना. ती बोलायची थांबली होती, की माझ्या कानापलीकडे गेली होती, ते फाटकातून कळत नव्हतं. मी चप्पल घातली, परत काढली, आणि तिथंच उभी राहून पुढची गोष्ट मोठ्यानं सांगायला लागले.