समजा सर

सर,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र टपालात टाकायची कटकट नाही. लिहायला बसले ती रागानं. परवा एका समारंभात कुणी गृहस्थ तुम्हाला 'ऋषितुल्य' म्हणाले. कसले ऋषी! तुम्ही हट्टी होता, भित्रे होता, कोटाची बटणं एक घर चुकवून लावत होता, आणि शिकवत मात्र असं होता की समोर काचेच्या बाटल्या दिसायला लागाव्यात. बाटल्या नव्हत्याच, ही गोष्ट वेगळी. तेव्हा तुमची हकीकत मीच सांगते. 'मी, मी' करत लिहिलेलं मला वाचवत नाही, म्हणून तिच्यात मी येईन ती कोकिळा म्हणून, बाकीच्यांसारखी. कुठं चुकलं तर नेहमीप्रमाणे गप्प बसा.

तर इंद्रभान सुरडकर, म्हणजे तुम्ही, चिखलीजवळच्या उंद्रीचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि वरचं शिकायचं तर अमरावती नाहीतर नागपूर. इंद्रभान नागपूरला राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. सरकारी नोकरी चालून आली होती. पण त्याच सुमारास चिखलीच्या बाहेर, मेहकरच्या रस्त्याला, उकंडराव देशमुखांनी खाजगी कॉलेज काढलं आणि हे गृहस्थ सरकारी नोकरी सोडून तिथं रुजू झाले. आपल्या मुलखातल्या पोरांना आपल्या मुलखातच सायन्स शिकता यावं, एवढंच त्यांच्या डोक्यात. डोक्यात दुसरं काही शिरलं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेज होतं बंद पडलेल्या जिनात. कापसातून सरकी काढायचा तो कारखाना उकंडरावांचाच. कापसाच्या गठाणींच्या गोदामात आर्ट्सचे वर्ग भरत, मजुरांच्या चाळीत होस्टेल, तोलाईच्या खोलीत प्रिन्सिपॉल. आढ्याला जुनी रुई अडकलेली असे. वारा सुटला की ती पोरांच्या डोक्यावर पडे आणि अर्धा वर्ग शिंकत बसे. सगळी मिळून अडीचशे पोरं. गावात त्याला कुणी नावानं ओळखत नसे. 'जिनातलं कॉलेज' म्हणत. बॉयलरची खोली सायन्सला दिली होती. बॉयलर विकला गेला होता, काळ्या भिंती तेवढ्या राहिल्या होत्या.

सायन्स चालवायचं तर नागपूरच्या युनिव्हर्सिटीची मान्यता हवी, आणि मान्यतेला लॅबोरेटरी हवी. तपासणीला कमिटी यायची ठरली तेव्हा उकंडरावांनी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडून काचेचं सगळं सामान भाड्यानं आणलं. गवतात गुंडाळलेल्या ब्युरेटी, पिपेटी, फ्लास्क, तराजू. बॉयलरच्या खोलीत टेबलांवर ते मांडलं. कमिटी आली, चहा प्याली, मान डोलावून गेली. इंद्रभानांनी 'प्रयोगशाळा सज्ज आहे' अशा कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी सामान पुन्हा गवतात गेलं.

"मास्तर, तोंड काऊन पाडता?" उकंडराव म्हणाले. "फिया जमा झाल्या का पह्यलं काम तुमच्या काचेचं. शब्द हाये माझा."

फिया जमा झाल्या. त्यातून कॉलेजच्या दारात दगडी कमान उभी राहिली. कमान चांगली होती, ते नाकारत नाही. मेहकरकडून येणाऱ्या मोटरीतून ती लांबूनच दिसे.

मग इंद्रभानांनी काय करावं? त्यांनी फळ्यावर खडूनं ब्युरेट काढली. काचेच्या नळीवरच्या रेघासुद्धा एकेक करून काढल्या. मग हात हवेत धरून म्हणाले, "समजा, ही ब्युरेट. समजा, हिच्यात कॉस्टिक सोडा. खाली फ्लास्क, त्यात ऑक्झॅलिक ॲसिड. समजा, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. आता तोटी हळू सोडा. थेंब... थेंब... हलवा... थेंब... थांबा! गुलाबी झालं. वाचा किती?"

आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडे, "चोवीस पूर्णांक सहा!"

तो आकडा सरांच्या स्वतःच्या पहिल्या प्रयोगातला होता. पुढचं गणित त्याच्याशी जुळलेलं, उत्तर स्वच्छ येई. म्हणून दर वेळी चोवीस पूर्णांक सहाच. पोरांनी त्यांचं नाव 'समजा सर' ठेवलं. देऊळघाटचा जब्बार वर्गात सगळ्यात आगाऊ.

"सर, समजा ब्युरेट फुटली तं?"

"तर समजा तुला आठ आणे दंड झाला."

"समजा मी भरला, सर."

वर्ग हसे, सरही हसत. पण घरी आल्यावर जेवताना त्यांचा घास हातातच राही. एकदा त्यांनी सत्यभामाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डब्यातली हळद उचलली, धुण्याचा सोडा उचलला, दोन लिंबं उचलली आणि वर्गात हळदीच्या पाण्यात सोडा टाकून ते लालभडक करून दाखवलं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. पोरं टेबलावर चढली बघायला. ते उकंडरावांच्या कानावर गेलं.

"मास्तर, कॉलेज हाये का सैपाकघर? लोक काय म्हणतीन?"

तेव्हापासून हळद बंद. आणि इंद्रभानांनी ती बंद केली, हे मला अजून पटत नाही. भांडायला हवं होतं. त्यांना भांडता येत नसे. ते वर्गात परत गेले आणि म्हणाले, "समजा."

त्या वर्गात मुलगी एकच, कोकिळा. तिचे वडील शेषराव म्हणजे चिखली तालुक्यातले मोठे जमीनदार. त्यांनी तिला एकच शब्द दिला होता: इंटर सायन्स पहिल्या झटक्यात पास झालीस तर नागपूरला डॉक्टरीला पाठवतो, नाही झालीस तर लग्न. त्यात दुसरी खेप नव्हती. इंद्रभानांना हे माहीत होतं. शेषराव स्वतः कमानीखाली उभे राहून त्यांना सांगून गेले होते, "सर, पोरगी तुमच्या हवाली." त्या दिवसापासून इंद्रभान शिकवताना सगळ्या वर्गाकडं पाहत, पण प्रश्न विचारत ते कोकिळाला. ती कधी चुकत नसे. चुकायला तिथं होतं काय? सगळं पाठ.

दोन वर्षं झाली. प्रयोग पूर्ण झाल्याच्या सर्टिफिकेटवर इंद्रभानांनी पुन्हा सही केली. लेखी परीक्षा चांगली गेली. प्रॅक्टिकलला अमरावती गाठायची होती. सर सगळ्या वर्गाला घेऊन खामगावपर्यंत मोटरनं आणि पुढं आगगाडीनं गेले. डब्यात जब्बारनं रिकाम्या हातांनी तो थेंबाथेंबाचा प्रयोग, म्हणजे टायट्रेशन, करून दाखवलं, शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बे, झटका येते का याले?"

लॅबोरेटरीत सरांना जायची परवानगी नव्हती. ते बाहेर व्हरांड्यात बसले. आतून काचेचा किणकिणाट ऐकू येत होता. प्रयोग चालल्याचा तो आवाज त्यांनी नागपूर सोडल्यापासून ऐकला नव्हता. त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत तेवढा वेळच त्यांना बरं वाटलं असेल.

पहिला जब्बार बाहेर आला, कोटाला हात पुसत.

"सर, एकदम आपल्यासारखंच! जरा भीती वाटली, नळी लई गुळगुळीत असते. पण झालं."

"रीडिंग किती आलं?"

"चोवीस पूर्णांक सहा!"

सरांना आनंद झाला. योगायोग असतो, कधी कधी. मग दुसरा पोरगा आला.

"किती?"

"चोवीस सहा, सर."

तिसरा. चौथा. सगळे हसतमुख. सर उठून उभे राहिले.

"अरे, द्रावण वेगळं होतं तिथं! रोजच्यासारखं कसं येईल?"

"सर, मले तं अठराच दिसत होते," एकजण म्हणाला. "पण म्या म्हटलं, मलेच वाचता येत नसन. सरांचा आकडा कसा चुकन?"

कोकिळा शेवटी आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"सर, माझं गुलाबी झालंच नाही. नळी सगळी रिकामी झाली तरी नाही. मग आठवलं, फिनॉल्फ्थॅलिनचे ते दोन थेंब टाकायचे राह्यले. कधी हातानं टाकलेच नव्हते ना."

"मग काय लिहिलंस?"

"चोवीस पूर्णांक सहा."

परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणत होती.

महिन्याभरात युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. सगळ्या वर्गाचा निकाल रोखला होता. एकाच केंद्रात, वेगवेगळ्या द्रावणांना, एकाच कॉलेजच्या सगळ्या पोरांचं एकच रीडिंग: सामूहिक कॉपीचा संशय. कॉलेजनं खुलासा द्यावा.

उकंडराव शांत होते. असले लोक अशा वेळी फार शांत असतात.

"मास्तर, सोपं हाये. लिहून टाका, पोरायनं कॉपी केली. एक साल बसू देणार नाहीत, पुढच्या साली बसतीन. लॅब नाही म्हणसान तं कॉलेजच बंद होईन. तुमची सही बी हाये त्याच्यावर, इसरू नका."

"पण पोरांनी कॉपी केली नाही."

"मले माहीत हाये. तुमाले माहीत हाये. नागपूरले काय कराचं हाये त्याचं?"

इंद्रभान दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोकिळा त्यांच्या घरी आली. मुलगी एकटी प्रोफेसरच्या घरी जायची पद्धत नव्हती. सत्यभामाबाई दारातच उभ्या राहिल्या, ना आत ये म्हणाल्या, ना जा.

"सर, मी चोर नाही," कोकिळा दारातूनच म्हणाली. "एक वर्ष गेलं काय आणि दोन गेली काय, बाबा मला पुन्हा बसू देणार नाहीत. पण कॉपी केली म्हणून घरी बसणार नाही मी. तुम्ही जाऊन खरं काय ते सांगा."

"खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, पोरी."

"मग जाऊ द्या."

ती बरोबर बोलली. आजही माझं मत तेच आहे. आणि खरं सांगितल्यावर निदान निकाल तरी सुटेल, असं तिला वाटत होतं. इंद्रभानांनाही तसंच वाटलं असावं, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला न विचारता निघाले.

नागपूरला युनिव्हर्सिटीत एका लांब टेबलामागं तिघं बसले होते. मधले म्हातारे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी इंद्रभानांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"म्हणजे मुलांनी कॉपी केली नाही?"

"नाही. मी जे शिकवलं तेच त्यांनी लिहिलं."

"ब्युरेट त्यांनी त्याआधी हातात घेतली होती?"

"नाही."

"पिपेट?"

"नाही. तीही फळ्यावरच पाहिली होती."

"मग प्रयोग पूर्ण झाल्याची ही सही?"

"माझी."

म्हाताऱ्यांनी तो कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "सुरडकर, तुम्ही खरं बोललात, कॉपीचा आरोप आम्ही काढून टाकतो. पण कॉपी असती तर ही मुलं एका वर्षानं पुन्हा बसली असती. आता तुम्ही म्हणता प्रयोग झालेच नाहीत. म्हणजे त्यांची दोन वर्षं झालीच नाहीत. पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि तेही दुसऱ्या कॉलेजात. आम्ही तरी काय करणार?"

इंद्रभानांनी हात जोडले. कशासाठी, ते त्यांनाही कळलं नसेल.

झालं ते असं. सायन्स बंद झालं. बॉयलरच्या खोलीत सायकली ठेवायला लागले. कमान राहिली, आर्ट्सचे वर्गही काही वर्षं राहिले. जब्बारनं वडिलांचं कापडाचं दुकान धरलं. बाकीच्यांतलं एकही पोरगं परत पहिल्यापासून शिकायला कुठं गेल्याचं ऐकलं नाही. कुणाच्या घरी तेवढा धीर होता? कोकिळानं घरी येऊन सांगितलं, कॉपीचा डाग गेला. शेषराव पान लावत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "चोर नाही म्हटल्यावर लगनाले काही अडचण नाही."

लग्न झालं, बुलढाण्याला. पुढं घरी बसून तिनं आर्ट्सची डिग्री घेतली, मुलांना झोपवता झोपवता. ती वेगळी कथा आहे आणि फार रंजक नाही.

खोट्या सहीचा माणूस म्हणून इंद्रभानांना कुठल्याच कॉलेजात नोकरी मिळाली नाही. शेवटी देऊळघाटच्या शाळेत ते गणित शिकवायला लागले. तिथंही त्यांची बटणं एक घर चुकलेलीच. पण 'समजा' हा शब्द त्यांनी टाकून दिला होता. गणितात तो टाळणं किती कठीण, करून बघा. "धरून चला" म्हणायचे.

तीनेक वर्षांनी बुलढाण्याच्या बाजारात त्यांची कोकिळाशी गाठ पडली. हातात वांगी, मेथी. इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाले, "कोकिळा, अमरावतीच्या कॉलेजात माझा मित्र आहे. रविवारी लॅब उघडून देतो म्हणतो. एकदा जाऊ आपण. तुले एकदा तरी खरं टायट्रेशन करून पाह्यलं पाह्यजे. बाकीच्यायले मी आता कुठून गोळा करू? तू तं ये."

सर तिच्याशी वऱ्हाडीत बोलले ते तेवढंच.

"येते, सर," ती म्हणाली. "यांना सांगते. तुम्ही दिवस कळवा."

पहिला रविवार कळवला तो कोकिळाच्या सासूबाईंच्या दुखण्यात गेला. दुसरा सरांच्या शाळेच्या परीक्षेत. मग सत्यभामाबाई आजारी पडल्या, त्यात उन्हाळा गेला. पावसाळ्यात मित्राची बदली जबलपूरला झाली. सरांनी त्याला एक पत्र टाकलं होतं, अमरावतीच्या लॅबवर आलेल्या नव्या माणसाची ओळख करून दे म्हणून. उत्तर आलं का ते कोकिळानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढचा रविवार ठरलाच नाही.